जावई उतरवण्याची सुरक्षित जागा

होणाऱ्या जावयाला समुद्रात नेमकं कुठून उतरवावं, हा प्रश्न सभ्य माणसाला सहसा पडत नाही. मला पडला. तो माझ्याच तोंडामुळे पडला, हे आधीच सांगून टाकतो. कारण आमच्या घरात ते आता सगळेच सांगतात आणि प्रत्येक जण आपल्या परीने वाढवून सांगतो.

आमच्या ऋजुताने पुण्याचा मुलगा पसंत केला. यज्ञेश त्याचं नाव. तो आईवडिलांना घेऊन पहिल्यांदा रत्नागिरीला आला तेव्हा कोकम सरबत झालं, आंबावडी झाली, आणि बोलता बोलता तो म्हणाला की, त्याला कयाकमध्ये बसून गळाने मासे धरायचा नवा नाद लागलाय. कयाक म्हणजे लांबट, निमुळती होडी, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की, त्याच्या वडिलांनी आत्ताच आपल्या हिमालयातल्या ट्रेकचं वर्णन संपवलं आहे आणि माझ्याकडे सांगण्यासारखं, लांज्याजवळ एकदा एसटी बंद पडली होती, यापलीकडे काही नाही. तेव्हा मी सोफ्यावर मागे रेललो आणि म्हणालो, "आमचं काय हो, आम्ही समुद्राकाठची माणसं. माझं अर्धं आयुष्य पाण्यात गेलंय."

आमच्या सौ. नम्रताने कप बशीत ठेवला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

वस्तुस्थिती अशी की, मी विम्याचा एजंट आहे. मला पोहता येत नाही. उभा जन्म रत्नागिरीत काढूनही माझा समुद्राशी संबंध म्हणजे भाट्याच्या वाळूत रुमाल पसरून बसायचं आणि सूर्य बुडाला की तो झटकून घरी यायचं. वर्षातून एकदा, गौरी-गणपतीच्या विसर्जनाला, मी गुडघाभर पाण्यात उतरतो. तेही हातात देव असतो म्हणून.

पण यज्ञेशचे डोळे चमकले होते. "काका, मग तुम्हीच मला गाइड करा! मी अगदी नवशिका आहे. आतापर्यंत फक्त धरणाच्या पाण्यात चालवलंय. समुद्रात सेफ कुठून उतरायचं, हेच कळत नाही. तुम्ही जागा बघून ठेवा, मी येतोच."

"आमचा एकुलता एक आहे हो," त्याची आई हसत म्हणाली. ती हसली म्हणून मीही हसलो. त्या हसण्याने सौदा पक्का झाला.

पाहुणे गेल्यावर ऋजुताने मला गाठलं. "बाबा, त्याला फोन करा आणि खरं सांगा."

"सांगतो की."

"कधी?"

"योग्य वेळ बघून."

"तो खरंच येईल हं. तो भाबडा आहे, तुम्ही बोट दाखवाल तिथे उतरेल. उद्या त्याला काही झालं तर? एक तर जागा धड शोधा, नाही तर मी त्याच्या आईबाबांसमोर सांगेन, की आमचे बाबा बादलीने आंघोळ करतात कारण शॉवरला घाबरतात."

हे शॉवरचं खोटं आहे. मला तो फक्त आवडत नाही. पण मुद्दा पोचला. मला एक अशी जागा हवी होती, जिथे जावई बुडणार नाही आणि मी उघडा पडणार नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र मिळतील असा किनारा मला आपल्या जिल्ह्यात शोधायचा होता.

आधी कयाक आली. "काका, दोन सीटची आहे, तुम्हीपण बसाल म्हणून घेतली," असा प्रेमळ फोन पाठोपाठ आला. केशरी रंगाची ती लांबलचक वस्तू टेंपोवाल्यांनी पांढऱ्या कापडात गुंडाळून, दोऱ्यांनी आवळून आणली होती. पार्किंगमध्ये जागा होईना म्हणून आम्ही चौघांनी ती खांद्यावर घेऊन जिन्याने गच्चीवर न्यायचं ठरवलं. पहिल्या मजल्यावरचे साठे हात जोडून उभे राहिले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि "चांगलं सोनं झालं हो त्यांचं," असं म्हणून नम्रताचा हात धरला. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून माझे वडील, आप्पा, काठी टेकत खाली आले आणि त्यांनी मोठ्याने विचारलं, "कोण गेलं?"

काकूंनी त्यानंतर बरेच दिवस आमच्याशी बोलणं टाकलं होतं. आप्पा जिवंत निघाले याचा त्यांना राग आला असावा.

काय आहे ते समजावून सांगितल्यावर आप्पांनी सगळ्या योजनेची चौकशी केली. "मासे धरून आणणार? आपल्या घरात?"

"नाही आप्पा. धरायचे आणि परत सोडून द्यायचे. हल्ली तसंच करतात."

"सोडून द्यायचे तर धरायचे कशाला?"

हे यज्ञेशलाच विचारायला हवं होतं. आप्पांचं मात्र संपलं नव्हतं. "बरं, आणि सुरक्षित समुद्र शोधतोयस ना? मग लांज्याला जा."

"लांज्याला समुद्र नाही, आप्पा."

"म्हणूनच सांगतो."

मी ते हसण्यावारी नेलं. आज विचार केला तर त्या सगळ्या काळात मला मिळालेला तो एकमेव उपयोगी सल्ला होता.

बाकीचे सल्ले तळमजल्यावरच्या गुरुप्रसादने दिले. गुरुप्रसादचा इलेक्ट्रिकचा व्यवसाय आहे आणि त्यामुळे त्याला सगळ्यातलं कळतं. तो म्हणाला, भाटेच बेस्ट. मी स्कूटर काढून भाट्याला गेलो. वाळूवर बसून दिसणारा समुद्र आणि त्यात उतरायचंय या नजरेने बघितलेला समुद्र, हे दोन वेगळे समुद्र असतात. अंदाज घ्यावा म्हणून मी पँट दुमडून जरा पुढे झालो. एक लाट आली, डाव्या पायाची चप्पल घेऊन गेली. मी तिच्याकडे बघत असताना दुसरी आली आणि माझा पार्श्वभाग वाळूत टेकवून गेली. शेजारी भेळ खाणारं एक लहान पोर टाळ्या वाजवत होतं. एका पायात चप्पल घालून स्कूटर चालवत घरी आलो, तर जिन्यात गुरुप्रसाद. "काय, बघितलंत? कशी आहे जागा?"

"लाटा आहेत," मी म्हणालो.

"समुद्र म्हटल्यावर त्या असणारच. मग मिऱ्याला जा."

मिऱ्याला धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे एवढाले दगड. त्यावरून जावई पाण्यापर्यंत पोचायच्या आधीच मोडला असता. काळबादेवीला रम्य वाटलं, पण तिथे बसलेल्या एका इसमाने न विचारताच, मागच्या साली इथे कोण, कसा आणि किती दिवसांनी सापडला, हे तपशीलवार सांगितलं. मी त्याला पॉलिसी विकायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "आमी पाण्यात जायतच नाय, आमाला कशाला?" माझंही तेच म्हणणं होतं.

मग कोणी तरी म्हणालं की, परवानगी लागते. मी एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथल्या दीपाली मॅडम अत्यंत सौजन्याने बोलल्या, हे मुद्दाम नोंदवतो.

"होडीचा नंबर?"

"नंबर नाही. कयाक आहे."

"इंजिन?"

"नाही. वल्ह्यानेच चालते."

"मग ही आमच्याकडे होडीत धरत नाहीत."

"म्हणजे परवानगी नको?"

"तसं नाही. होडी असती तर परवानगी दिली असती. होडी नाही, तर कशाला द्यायची?"

"पण मग आम्ही उतरू शकतो ना?"

"तुमचं तुम्ही उतरलात तर आम्ही कोण अडवणार? फक्त बुडलात तर होडी बुडाली असं लिहिता येणार नाही. नुसता माणूस बुडाला असं येईल." आणि मग फाइल मिटून, "आठल्ये काका, माझ्या मुलाची पॉलिसी तुम्हीच काढलीत ना? तुम्ही असले धंदे करायला लागलात तर आम्ही कोणाकडे बघायचं?"

मी लाजेने तिथून निघालो आणि जयगडकडे गेलो. तिथे मोठ्या बंदराच्या आसपास, खाडीचं तोंड जरा शांत दिसतं म्हणून दुर्बीण लावून बघत होतो. एका सुरक्षारक्षकाने येऊन विचारलं की, काय बघताय. "जावयाला कुठून पाण्यात सोडता येईल ते बघतोय," मी प्रामाणिकपणे म्हणालो. त्याने माझं आधार कार्ड मागितलं, फोटो काढला, आणि मी दिसेनासा होईपर्यंत रस्त्यात उभा राहिला.

यज्ञेश यायचा दिवस जवळ आला. ऋजुता माझ्याकडे बघून नुसतं "हं?" म्हणायची. मी फोनमधले फोटो चाळत बसलो होतो, आणि त्यात मला मीच दिसलो. गुडघाभर पाण्यात, हातात गणपती, चेहऱ्यावर हसू. मागे शांत, काठोकाठ भरलेली खाडी. एक लाट नाही.

उंबरवाडीचा विसर्जनाचा घाट! आम्ही लहानपणापासून दर वर्षी गौरी-गणपती तिथेच सोडतो. शहरापासून बाजूला, रस्ता तिथेच संपतो, एरवी तिकडे जायचं काही कारण नाही. छान दगडी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, थेट पाण्यात उतरते. दर वर्षी बघावं तर पाणी बरोब्बर त्याच पायरीला. आजवर तिथे कोणीही बुडालेलं नाही. गणपती सोडून.

यज्ञेश येताना माझ्यासाठी केशरी लाइफ जॅकेट घेऊन आला. मी ते घालून बघितलं, छान बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कयाक टेंपोने घाटावर नेली. खाडी भरलेली होती, त्याच पायरीला पाणी, पलीकडे तिवरांची हिरवी झाडी. ऋजुतासुद्धा म्हणाली, "बाबा, जागा बरी आहे हो." ते ऐकून मला जो अभिमान वाटला तो पुढच्या सगळ्या लाजेला कारण झाला. कारण यज्ञेशने विचारलं, "काका, इथे भरती-ओहोटीचं काय?" आणि मी म्हणालो, "इथे काही फरक पडत नाही. जन्मापासून बघतोय."

एकादशी होती. नम्रताने डब्यात साबुदाण्याची खिचडी दिली. "एकादशीला मासे धरायला निघाले!" असं आप्पा सकाळीच बोलून चुकले होते. मी पुढे बसलो, यज्ञेश मागे. आम्ही निघालो. वल्हं पाण्यात घालायचं आणि बाहेर काढायचं, यात विशेष काही नाही. मी त्याला सारखं सांगत होतो, "काठाकाठाने चल. मधे खोल असतं. अजून काठाला घे." जाणकार माणसाने सांगितल्यावर तो बिचारा घेत गेला. तिवरांच्या जवळ, अगदी कडेला आम्ही लहानसा नांगर टाकला, गळ सोडले आणि खिचडी खाल्ली.

ऊन चढलं. मासा काही लागेना. थोड्या वेळाने यज्ञेश म्हणाला, "काका, पाणी कमी होतंय का?"

"भास आहे. उन्हात होतं तसं."

आणखी थोड्या वेळाने होडी बसली. दुसरा शब्द नाही. म्हैस बसते तशी सावकाश, एका बाजूला कलून, कायमची बसली. खाडीचं पाणी आमच्या डोळ्यांदेखत लांब मधल्या पाटात निघून गेलं आणि चोहोबाजूला काळा, चकचकीत, बुडबुडे सोडणारा चिखल राहिला. यज्ञेशने वल्हं खाली रोवून बघितलं. ते अर्ध्याच्या वर आत गेलं आणि परत यायला तयार होईना. पाखाडी हाकेच्या अंतरावर होती, पण मधे हे.

तेव्हा मला आठवलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक असतं. मलाही होतं. गौरी-गणपतीचं विसर्जन येतं सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला. म्हणजे भरती संध्याकाळी, ऐन विसर्जनाच्या वेळी. मी ही खाडी आयुष्यभर बघितली होती ती वर्षातून एकदा, एकाच तिथीला, एकाच वेळी. देवाने ती माझ्यासाठी कायम भरून ठेवली आहे, असा माझा समज होता. एकादशीची भरती, म्हणजे अकराची पाऊणपट सव्वाआठची, सकाळीच होऊन गेली होती. हा सगळा हिशेब मी यज्ञेशला नीट समजावून सांगितला. चिखलात बसून.

"इंटरेस्टिंग आहे," तो म्हणाला.

आमच्या बाजूने निवट्या उड्या मारत चालल्या होत्या. निवटी म्हणजे चिखलावर पंखांनी चालणारा मासा. आम्ही ज्यांना धरायला आलो होतो ते आपल्या पायांनी आमच्याभोवती फिरत होते आणि थांबून, डोळे वर काढून बघत होते.

ऋजुताने घाबरून उंबरवाडीत हाक दिली. विसर्जन मंडळाचा गंगाराम भोंगा घेऊन धावत आला आणि त्याने पुकारा सुरू केला, "घाटावर गर्दी करू नये! दोन इसम गाळात बसलेले आहेत! कोणीही गर्दी करू नये!" हे ऐकून वाडीतली माणसं यायला लागली. मग कोणी तरी काढलेला व्हिडिओ गेला, आणि शहरातली यायला लागली. माझे निम्मे ग्राहक त्या पाखाडीवर उभे होते. आयुष्यभर ज्यांना मी 'जोखीम' या शब्दाचा अर्थ समजावत आलो, ते सगळे.

"काका," दीपक नावाचा माझा एक जुना पॉलिसीधारक ओरडला, "ह्ये पॉलिसीत बसतं काय?"

"आडवे पडून या!" दुसरा.

"उठू नका, उठलात की गेलात!" तिसरा.

गुरुप्रसादही आला होता. "मी भाट्याला जा म्हणालो होतो!" हे त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

गंगारामने विसर्जनाचा दोर आणला, वजनासाठी टोकाला नारळ बांधला आणि गरगर फिरवून फेकला. तो आमच्या अलीकडे, चिखलात, मोठ्या जोराने पडला. त्याचा परिणाम माझ्या चेहऱ्यावर झाला. चष्मा पुसायला हातात स्वच्छ असं काही उरलं नव्हतं, म्हणून नंतरचा बराचसा अपमान मी फक्त ऐकला.

त्यातच आप्पांचा आवाज आला. त्यांना रिक्षाने कोणी आणलं ते अजून कोणी कबूल करत नाही. "कुठे बसलाय तो?"

"चिखलात, आप्पा," व्हिडिओ बघून आलेली नम्रता म्हणाली.

"धरलंन काय मग?"

"नाही हो."

"मग सोडणार काय!"

पाखाडी हसली. मी मान खाली घातली. त्या अवस्थेत, मागे न वळता, मी म्हणालो, "यज्ञेश, एक सांगायचं आहे. मला पोहता येत नाही. अर्धं आयुष्य पाण्यात वगैरे काही नाही. मी त्या दिवशी फुशारकी मारली."

"माहितीये, काका."

"ऋजुताने सांगितलं?"

"नाही. तुम्ही काल रात्री लाइफ जॅकेट घालून जेवलात."

हे खरं होतं. छान बसलं होतं म्हणून काढायचं राहून गेलं, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

"मग आलास कशाला माझ्याबरोबर?"

"म्हटलं, ज्याला पोहता येत नाही तो माणूस जागा शोधतोय, म्हणजे ती सगळ्यात सेफ असणार." चिखलाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "आणि आहेच की. इथे बुडायचं म्हटलं तरी पाणी कुठाय?"

मग तोही हसला. होडी हलली नाही. आम्ही उरलेला दिवस पाठीला पाठ लावून, भरतीची वाट बघत काढला. त्याने मला ऋजुता चिडली की काय करावं ते विचारलं. मी म्हणालो, ते मला माहीत असतं तर मी इथे बसलो नसतो.

उन्हं कलली तसं पाणी परत आलं, जणू काही झालंच नाही. होडीने एक गचका दिला आणि ती तरंगली. आम्ही वल्ही मारत पाखाडीकडे निघालो, आणि तेव्हा पाखाडीवरून कोणी तरी, मला दाट संशय आहे की गुरुप्रसादने, आरोळी ठोकली, "गणपती बाप्पा..."

"मोरया!" सगळा घाट गर्जला. आणि मी त्याच पायरीवर, त्याच गुडघाभर पाण्यात पाय ठेवला, तेव्हा तिथल्या शंभर माणसांनी एका सुरात मला सांगितलं, "पुढच्या वर्षी लवकर या!"

ऋजुताने माझा चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि परत डोळ्यांवर ठेवला. मला ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी यज्ञेशच्या आईचा फोन आला. व्हिडिओ पुण्यालाही पोचला होता. मी तो उचलला नाही, आप्पांनी उचलला. "तुमचा मुलगा कोरडा आहे," ते म्हणाले. "आमचा वाळत घातलाय."

यज्ञेश परत गेल्यावर नम्रताने मला फोनमध्ये नकाशा दाखवला. उंबरवाडीच्या घाटावर कोणी तरी खूण केली होती आणि तिला नाव दिलं होतं 'आठल्ये पॉइंट'. सोबत माझा फोटो. केशरी जॅकेट, काळा चेहरा. खाली यज्ञेशने लिहिलं होतं: "कयाकवर मासेमारी शिकणाऱ्या नवशिक्यांसाठी अत्यंत सुरक्षित. तिथी बघून जावे. जागा बाबांनी स्वतः बसून तपासली आहे."

"वाचलंत?" नम्रता म्हणाली. "'काका' नाही लिहिलंन."

मी पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसला. चिखल अजून कुठे तरी राहिला असावा.

आता सुट्टीच्या दिवशी गाड्यांच्या टपावर रंगीबेरंगी होड्या बांधून कोल्हापूरची, पुण्याची मुलं येतात आणि नेमकी आमच्या बिल्डिंगखाली थांबून विचारतात, "काका, आठल्ये पॉइंट कुठे आला?" गुरुप्रसाद लगेच बाहेर येतो आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "हेच ते." मी त्या दिवसाची तिथी सांगतो, तिची पाऊणपट करून देतो आणि रस्ता दाखवतो. मान खाली असते. हात मात्र बरोबर दिशेला असतो.